बरणीवर ‘चिवडा’ लिहिलं होतं

काका, पोलिसाने मला विचारलं, “या बरणीवर काय लिहिलंय?”

तुमच्या गॅरेजमध्ये उभे होतो आम्ही. तो, मी आणि दाराशी तुमची अनू. बरणीला त्याने हात लावला नव्हता, नुसती बोटाने दाखवली. कॉफीची जुनी बरणी, लाल झाकण, वर पांढरी पट्टी आणि पट्टीवर काकूंचं टपोरं अक्षर. मी म्हणाले, चिवडा. त्याने स्पेलिंग विचारलं, मी सांगितलं. मग म्हणाला, हे त्या पावडरचं नाव आहे का? मी म्हणाले, नाही, हा खायचा पदार्थ आहे. पोहे, शेंगदाणे, खोबऱ्याचे काप. त्याने तेही लिहून घेतलं. पोह्यांपाशी जरा अडखळला.

तुम्ही असतात तर हसला असतात, आणि नंतर आठवडाभर प्रत्येकाला सांगत बसला असतात. मी त्याच्या बुटांकडे बघत होते. बुटांना तुमच्या बागेतला चिखल लागला होता. तो आता किचनभर होणार आणि काकू काही बोलणार नाहीत, एवढंच माझ्या डोक्यात चाललं होतं.

पत्रकात मुद्दा पहिल्या ओळीत यावा, असं माझ्या बाबांनी मला शिकवलं आहे. वाचणारा माणूस बस पकडायच्या घाईत असतो. इथे मुद्दा इतका खाली आला, कारण तो लिहायला हात वळत नाही. तर मुद्दा असा. त्या शनिवारी तुम्ही रायफल क्लबात जी काडतुसं नेलीत, ती तुम्ही स्वतः भरलेली होती, आणि त्यांत भरलेली दारू नक्की कोणती, हे तुम्हाला माहीत नव्हतं. बंदुकीची दारू. हा शब्द मला आता दर वेळी असा पुरता लिहावा लागतो. पहिल्याच गोळीला रायफल तुमच्या गालाशी फुटली. संध्याकाळच्या आत तुम्ही गेलात.

तुम्हाला तुमच्याच जुन्या हॉस्पिटलात नेलं होतं. ऑपरेशनसाठी तुम्हाला भूल दिली ती डॉक्टर तुमच्या हाताखाली शिकलेली. नंतर ती काकूंजवळ येऊन बसली आणि सांगत राहिली, मी प्रत्येक सिरिंजवर लेबल लावलं होतं, प्रत्येक लेबल दोनदा वाचलं होतं. ही बाई आपल्याला हे का सांगतेय, ते काकूंना कळेना. मला कळत होतं. ती तुमचं वाक्य तुम्हाला परत करत होती.

ते वाक्य मी तुमच्या किचनमध्ये ऐकलं होतं. तुम्ही बाबांचे लहानपणापासूनचे मित्र, एवढ्या ओळखीवर मी नागपूरहून ग्लासगोला येऊन मास्टर्सचं वर्ष तुमच्या घरी काढलं, आणि नोकरी लागल्यावरही दर रविवारी जेवायला येत राहिले. काकूंच्या किचनमध्ये डब्यावर जे लिहिलंय ते डब्यात कधीच नसायचं. आइस्क्रीमच्या डब्यात चटणी, बिस्किटांच्या डब्यात रवा, जॅमच्या बरणीत मोहरी. मी आमटी करायला घेतली होती आणि दोन बरण्या उघडून आळीपाळीने हुंगत होते. गोडा मसाला कुठला आणि धने-जिऱ्याची पूड कुठली.

पेपरमागून तुमचा आवाज आला. “काऊन गं कॉम्रेडबाई, नाकाने वाचतेस का?”

“अंदाज घेतेय.”

“घे, घे. आमटीच आहे. मी मात्र आयुष्यात नाकावर विसंबून कुणाला झोपवलं नाही. लेबल नसलेलं औषध हे औषध नसतं, कचरा असतो. कितीही महाग असो.”

काकू म्हणाल्या, “अहो, हे तुमचं थिएटर नाही. कशात काय आहे ते मला माहितीये.”

“तुला माहितीये गं. तू नसशील तेव्हा?”

“मी नसेन तेव्हा बाहेरून मागवा.”

तुम्ही पेपर खाली ठेवून हसलात. ते हसू मला आत्ता अगदी स्पष्ट दिसतंय आणि त्याचं काही वाटत नाहीये. दाढ काढल्यावर गाल जसा आपला नसतो, तसं. तुम्ही सांगितलं असतंत, हे किती वेळ राहतं आणि केव्हा उतरतं. असे प्रश्न आम्ही तुम्हालाच विचारायचो.

त्या पहिल्या रात्री नागपूरला फोन कुणी करायचा यावर काही बोलणं झालं नाही. अनूने केला. तिला वाटलं, मुलगी म्हणून आपणच करायला हवा. अनू ग्लासगोत जन्मली, ग्लासगोत वाढली. मराठी ती तुमच्याकडून शिकली आणि तुम्ही हट्टाने शिकवलीत. गॅरेजमध्ये तुमच्या टेबलाशी बसायची तेव्हा तुम्ही एकेक वस्तू उचलून तिच्याकडून म्हणून घ्यायचात. हे काडतूस. ही रिकामी पुंगळी. ही दारू. तुमच्या घरात पिण्याची दारू नव्हती, त्यामुळे तिचा मराठी शब्दही नव्हता. कुणाच्या पार्टीचा विषय निघाला तर ‘ड्रिंक’ म्हणायचे सगळे. अनूच्या लेखी दारू म्हणजे टेबलावरची ती करडी भुकटी, दुसरं काही नाही.

तिने तुमच्या थोरल्या भावाला सांगितलं, “काका, बाबा गेला. दारूने गेला.”

तिकडून काहीतरी विचारलं असणार. ती म्हणाली, “हो, दारूने. दारू खराब होता. क्लबमध्ये झाला.”

सकाळपर्यंत ते सगळीकडे पोचलं होतं. मग बाबांचा फोन आला. तुम्ही दोघं कॉलेजात असताना दारूबंदीची पत्रकं वाटत फिरायचात. दुकानाच्या दारात उभं राहून, शिव्या खात. एकदा तुमचा शर्ट फाटला आणि बाबांनी स्वतःचा काढून दिला, ही गोष्ट मी दोन्ही बाजूंनी ऐकली आहे आणि दोन्ही बाजूंनी ती वेगळी आहे. त्या बाबांनी मला फोनवर एकच विचारलं. “सई, मधू पीत होता?”

मी सांगितलं. बंदुकीची दारू, बाबा. काडतुसात भरतात ती. ते म्हणाले, “तसं असेल तर बरं.” आणि लगेच म्हणाले, “बरं म्हणजे काय, काहीच्या बाही बोलतोय मी.”

अनूला तो शब्द मी समजावला. ती जिन्यात बसली होती, तुमचं फ्लीसचं जॅकेट घालून. “मला माहीत नव्हती,” ती म्हणाली. “बाबाने कधी सांगितला नाही, दोन मीनिंग आहे ते.” नंतर बऱ्याच वेळाने म्हणाली, “आता सगळ्यांना परत फोन करू का?” मी म्हणाले, नको. एकदा तिकडे गेलेला शब्द परत मागवता येत नाही. पण काकूंकडे येणाऱ्या प्रत्येक फोनमध्ये आता एक क्षण थांबून विचारतात, तब्येत कशी होती हो त्यांची इतक्यात? तो थांबलेला क्षण काकूंना नीट ऐकू येतो.

आता डगींबद्दल. ते तुमचे क्लबातले दोस्त, क्लाइड नदीवर जहाजांना वेल्डिंग करण्यात आयुष्य गेलेले. तुमच्या पहिल्या दिवाळीचा चिवडा तुम्ही त्यांना कॉफीच्या बरणीत नेऊन दिलात. त्यांनी बरणी घासून पुसून परत आणली. तुम्ही गमतीने म्हणालात, आमच्यात भांडं रिकामं परत करत नाहीत, निदान चिमूटभर साखर तरी घालतात. हे तुम्ही सहज बोललात, पण त्या माणसाने ते जितकं मनावर घेतलं, तितकं ग्लासगोतल्या एकाही मराठी माणसाने घेतलेलं मी बघितलं नाही. तेव्हापासून ती बरणी कधी रिकामी आली नाही. शॉर्टब्रेड आलं, टॅब्लेट म्हणतात ती दुधाची वडी आली, त्यांच्या झाडाच्या प्लम्सचा जॅम आला. एकदा तुमच्या कपाटाला हवे होते तेच स्क्रू आले. काकूंची पट्टी कुणी काढली नाही, कारण पुढच्या दिवाळीला बरणीत परत चिवडाच जायचा होता.

शेवटी डगी आजारी पडले. शेड आवरायला काढली, ज्याची वस्तू त्याला देऊन टाकायला लागले. तुमच्याकडे ते बरणी घेऊन आले. आत करडे, बारीक दाणे. “डॉक, हे खायचं नाही बरं,” असं म्हणाले. काकू तेव्हा तिथेच होत्या. डगींनी त्या दारूचं नाव सांगितलं होतं, हे त्यांना आठवतं. नाव आठवत नाही. तुम्ही ते लिहून घेतलं नाहीत. समोर बसलेला मित्र शेवटचं काही देतोय आणि आपण पेन शोधतोय, असं कोण करतं? बरणी शेल्फवर गेली. त्या हिवाळ्यात डगी गेले.

तुमच्या बंदुकांवरून आपलं भांडण होतं. ते मिटलं नाही आणि तुम्ही गेलात म्हणून मी ते मिटलं असं म्हणणार नाही. मी माझ्या गटासाठी पत्रक लिहिलं होतं, ‘बंदुकीला छंद म्हणू नका’. तुम्हाला वाचायला दिलं. तुम्ही लाल पेनने शुद्धलेखन तपासून परत दिलंत. सतरा ठिकाणी ऱ्हस्व-दीर्घ. खाली शेरा: मुद्दा चूक, भाषा ठीक, ‘हिंसा’ शब्द कमी वेळा वापर, झिजतो.

“ही कागदाला भोक पाडायची विद्या आहे,” तुम्ही म्हणायचात. “श्वास सोडायचा, थांबायचं, हात आपला राहू द्यायचा नाही. यात हिंसा कुठे आली?”

“कागदाला भोक पाडायला पंचिंग मशीन मिळतं, काका. स्टेशनरीच्या दुकानात.”

“त्यात वाऱ्याचा हिशोब नसतो.”

“त्याला पोलिसांचं सर्टिफिकेटही लागत नाही.”

“एकदा येऊन बघ. बघून मग लिही.”

“दारूच्या दुकानात जाऊन पिऊन बघून मग पत्रक लिहिलं होतं का तुम्ही?”

त्यावर तुम्ही टाळी दिलीत. तुम्ही हरल्यावर टाळी देणारे होतात. असे लोक मला फार भेटलेले नाहीत. युनिव्हर्सिटीच्या सफाई कामगारांचा संप होता तेव्हा तुम्ही गेटवर थर्मास घेऊन आलात. “तुमच्या निम्म्या मागण्या मला पटत नाहीत,” असं सगळ्यांना इंग्रजीत सांगून तुम्ही सगळ्यांना आल्याचा चहा पाजलात. मग पाऊस थांबेपर्यंत माझा फलक धरून उभे राहिलात, उलटा. मी सांगितल्यावर सरळ केलात. त्या दिवसाबद्दल मी कधी थँक यू म्हणाले नाही. तुम्हाला ते आवडलंही नसतं. आता म्हणते.

मी नेमबाजीच्या रेंजवर कधी आले नाही. यायला हवं होतं असं मला अजूनही वाटत नाही. तुम्हीही मला हे खोटं बोलू दिलं नसतंत.

शेवटचा फोन आदल्या दिवशीचा. क्लबात डगींच्या नावाने दर वर्षी स्पर्धा असते, ती दुसऱ्या दिवशी होती. तुम्ही खुशीत होतात. “उद्या डगीच्या हातची दारू,” तुम्ही म्हणालात.

“जन्मात पहिल्यांदा घेताय काका. बेताने घ्या.”

“बेतानेच गं. काट्यावर तोलून घेतलीय.”

आपण दोघंही हसलो. काडतुसं, तोलणं, डबे यातलं मला काहीही कळत नव्हतं. मला ते दोन म्हाताऱ्यांच्या मैत्रीतलं काहीतरी वाटलं, आणि तसं ते होतंही. आता मात्र ‘बेताने’ हा शब्द कुठेही वाचला की मी त्याच्यापुढे जाऊ शकत नाही. मेथीचे लाडू करायची कृती वाचत होते परवा. गूळ बेताने घालावा. तिथेच थांबले.

क्लबची सेक्रेटरी मोरॅग सूप घेऊन घरी आली तेव्हा काकूंनी तिला विचारलं, मला नीट सांग. मोरॅगने सांगितलं. बंदुकीच्या दारूचे पुष्कळ प्रकार असतात. काही सावकाश जळतात, काही झटकन. डोळ्यांना जवळजवळ सगळे सारखे. करडे दाणे, काळे दाणे, बारीक चकत्या. बघून, हुंगून, बोटात चोळून कोणी सांगू शकत नाही, आणि कोणी सांगतो म्हणाला तर त्याच्या शेजारी उभं राहू नये. प्रत्येक प्रकाराचं माप वेगळं. सावकाश जळणाऱ्या दारूचं माप झटकन जळणाऱ्या दारूला लावलं, तर रायफलची नळी आणि मागची कडी तो दाब सोसत नाहीत. शिवाय दारू वर्षानुवर्षं कुठल्यातरी बरणीत राहिली की बिघडते, ते वेगळंच. म्हणून दारू मूळ डब्यातच ठेवायची, मूळ लेबलासकट. टेबलावर एका वेळी एकच डबा. ओळख पटत नसेल तर ती वापरायची नाही. अंदाज नाही, थोडी वापरून बघणं नाही. पोलिसांना किंवा बंदुकीच्या दुकानाला फोन करायचा आणि ती त्यांच्या हवाली करायची.

काकूंनी सगळं ऐकलं. मग विचारलं, “ह्यांना हे माहीत होतं?”

मोरॅग सूपच्या झाकणाशी खेळत होती. म्हणाली, “क्लबात नवीन येणाऱ्यांना हे तेच शिकवायचे.”

माप बरोबर होतं, काका. तुम्ही खरंच काट्यावर तोललं होतंत. ते तुमच्या नेहमीच्या दारूचं माप होतं. डगीही तीच वापरत असणार, असं तुम्ही धरून चाललात.

मी यावर खूप विचार केला आहे, म्हणजे बसून राहिले आहे. लेबल नसलेली सिरिंज तुम्ही डोळे झाकून फेकली असतीत. अनोळखी माणसाने दिलेली दारू तुम्ही टेबलावर येऊ दिली नसतीत. पण ही बरणी तुम्हाला बिनलेबलाची वाटलीच नाही. तिच्यावर काकूंचं अक्षर होतं. ती इतकी वर्षं दोन घरांत ये-जा करत होती आणि दर वेळी तिच्यातून काहीतरी चांगलंच निघालं होतं. ती कुणाची आहे हे तुम्हाला पक्कं माहीत होतं, आणि त्यावरून आत काय आहे हेही माहीत आहे असं वाटलं. हे कुठल्याही क्लबाच्या नियमात लिहिलेलं नसणार. तिथे लिहितात, अनोळखी दारू वापरू नका. ही अनोळखी नव्हती. हिच्याइतकी ओळखीची वस्तू त्या गॅरेजात दुसरी नव्हती.

तुमचा देह फिस्कलच्या, म्हणजे इथल्या सरकारी वकिलाच्या, ऑफिसकडून मिळायला वेळ लागला. असा मृत्यू झाला की इथे चौकशी होते, ते बरोबरच आहे. पण तेरावा आला तेव्हा अजून दहन झालेलं नव्हतं. लंडनमधल्या एजवेअरच्या गुरुजींना काकूंनी फोन केला. ते म्हणाले, वहिनी, आधी काय करायचं ते मलाही सुचत नाही. मग आम्ही काहीच केलं नाही. वरण-भात केला. अनूने तुमच्या जागी चुकून ताट ठेवलं आणि ते कुणी उचललं नाही.

त्याच दिवशी इथल्या मराठी मंडळाच्या सेक्रेटरींचा मजकूर आला, ग्रुपवर टाकण्यासाठी. ‘डॉ. मधुकर यांचे अल्पशा आजाराने दुःखद निधन.’ मी काकूंना वाचून दाखवला आणि म्हणाले, हे मी जाऊ देणार नाही. कुठला आजार? असं लिहिलं की नागपूरचे म्हणतील, बघा, झाकताहेत. जे झालं ते लिहू या. कोणती दारू, कशामुळे, सगळं. कुणाच्या तरी गॅरेजात आत्ता अशीच एक बरणी असेल.

काकू भांडी विसळत होत्या. नळ बंद न करता म्हणाल्या, “नको.”

“काकू, लोक म्हणताहेत ते पीत होते.”

“म्हणू देत.”

“तुम्हाला चालेल?”

तेव्हा त्यांनी नळ बंद केला. “सई, ह्यांनी हजारो माणसं झोपवली आणि सगळी उठवली. एकाही घरी ह्यांच्या चुकीचा फोन गेला नाही. दारूने गेले म्हणाले तर लोक दोन दिवस बोलतील, पिणारे काय, सगळ्यांच्या घरात आहेत. पण बेफिकिरीने गेले असं छापलं, तर ह्यांचं सगळं पुसलं जाईल. ते मी होऊ देणार नाही.”

मी म्हणाले, “ते बेफिकीर नव्हते.”

“मग काय होते?”

मी पत्रकं वाचत वाढले. माझ्याकडे प्रत्येक गोष्टीला वाक्य तयार असतं आणि त्या वाक्यात कुणीतरी गुन्हेगार असतो. इथे मला तो सापडेना. डगी नाही, तुम्ही नाही, भांडं रिकामं न देण्याची रीत तर नाहीच नाही. मी सेक्रेटरींना होकार कळवला. ‘अल्पशा आजाराने’ ग्रुपवर गेलं. खाली हात जोडलेल्या चित्रांची रांग लागली.

दहनानंतरच्या रविवारी मी नेहमीसारखी जेवायला गेले. काकू किचनच्या फरशीवर बसल्या होत्या. सगळे डबे, सगळ्या बरण्या खाली उतरवल्या होत्या. हातात मार्कर, बाजूला पांढऱ्या पट्ट्यांची गुंडाळी. अनू एकेक डबा उघडून समोर धरत होती आणि काकू आत बघून लिहीत होत्या. आइस्क्रीमच्या डब्यावर, चटणी. बिस्किटांच्या डब्यावर, रवा. खाली इंग्रजीत, अनूसाठी. जुनी पट्टी नखाने खरवडून मगच नवी लावत होत्या. एका डब्यातल्या पुडीपाशी थांबल्या. हुंगायला नाकाशी नेली आणि तशीच खाली आणली.

“काय असेल गं हे?” त्यांनी मला विचारलं.

“मला नाही सांगता यायचं.”

त्यांनी ती पुडी कचऱ्यात ओतली. मग खाली बघतच म्हणाल्या, “तू मला उत्तर दिलं नाहीस. बेफिकीर नव्हते तर काय होते?”

“त्याचं उत्तर एका शब्दात नाही देता येणार.”

“मग जितके शब्द लागतील तितक्यांत लिही. पण आधी मला दे. मला पटलं तर छाप. नाही पटलं तर ते माझ्याजवळ राहील.”

निघताना त्यांनी मला एक बरणी दिली. नवीन. पट्टीवर लिहिलं होतं, चिवडा. मी बसमध्ये झाकण उघडून बघितलं. चिवडाच होता. खोबऱ्याचे काप तुम्हाला आवडायचे तसे जाड.

तर काकांनो, काकूंनो आणि ज्यांच्या हातात हे कधी पडेल त्या सगळ्यांनो, माझं सर्वांत छोटं पत्रक हे आहे. जिचं नाव मूळ डब्यावर नाही, ती दारू भरू नका. मित्राची असली तरी नको. मित्राची असली तर अजिबातच नको. तो असता तर त्यानेच हिसकावून घेतली असती.

आणि काका, तुमच्यासाठी एवढंच. बंदुकीला मी अजून छंद म्हणत नाही. ते भांडण मी चालू ठेवलंय, टाळीसाठी हात तसाच आहे. ‘हिंसा’ हा शब्द या लेखात मी बेताने वापरला आहे, मोजून बघा. ऱ्हस्व-दीर्घ तपासायला आता कुणी नाही, तेव्हा जे राहिलं ते राहिलं.

चिवडा काल संपला. बरणी घासून पुसून ठेवली आहे. ती रिकामी परत करायची नाही, म्हणून हे कागद मी पत्रकासारखे तीन घड्या घालून आत ठेवतेय. उद्या रविवार आहे, काकूंकडे घेऊन जाईन. त्यांची पट्टी खरवडून काढली आणि तिथे माझी लावली: ‘आत: मधूकाका कसे गेले, ते.’

झाकण लावलंय. पट्टी दोनदा वाचली.